पालीच्या सरांवरचा राग

लग्नाला माणसं जेवायला जातात. आमचे सर अर्थ विचारायला जात. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात त्यांनी जे केलं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. भरलेला मांडव, समोर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, हात जोडून उभे नवरा-नवरी. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील म्हणायला घेतलं आणि नवरा-नवरी त्यांच्यामागून म्हणू लागले. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा हे झोपेत म्हणू शकतं. पंचशील संपलं, लोक बसू लागले, तेवढ्यात पुढच्या रांगेतून सर उठले. वर्गात गप्प करायला करत तसा उजवा हात वर.

"एक मिनिट. नवरदेव, आता तुमी काय म्हणाले?"

नवरदेव सुटात घामाघूम झाला होता. तो म्हणाला, "आचार्यजी म्हणाले तेच म्हणालो, सर."

"थे ऐकलं मी. त्याचा अर्थ काय?"

नवरदेवाने आचार्यांकडे पाहिलं, आचार्यांनी पंख्याकडे. मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. सर मात्र हसायच्या बेतात नव्हते. "साऱ्यायसमोर पाच गोष्टींचा शब्द देऊन राह्यले तुमी. कायचा शब्द देला थेच मालूम नाही, तं निभावसान कसा?" आणि उभ्या उभ्या त्यांनी पाची शीलांचा अर्थ सांगायला सुरुवात केली. जीव घेणार नाही. चोरी करणार नाही. तिसऱ्या शीलाला, परक्या बाईकडे वाकड्या नजरेने पाहणार नाही म्हटल्यावर, नवरीने मान खाली घातली. चौथ्याला, खोटं बोलणार नाही म्हटल्यावर, कुणालाच काही वाटलं नाही. पाचवं दारूचं आलं तेव्हा नवरदेवाचे मित्र एकेक करून मांडवाबाहेर सरकले. भात गार झाला. सरांना पत्रिका मी नेऊन दिली होती, म्हणून मावशी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या दिवशी मला लाज वाटली आणि रागही आला. सरांचा आलेला तो पहिला राग नव्हता, आणि शेवटचा तर नव्हताच. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड लिहायची पद्धत आहे. सर अजून आहेत, त्यामुळे माझ्यावर ते बंधन नाही.

सर उंचीने कमी आणि चालीने झपाझप. त्यांच्याकडे सायकल होती, पण तिच्यावर बसत नसत. बसलं की विचार तुटतो म्हणे, म्हणून ती हातात धरून चालत. कॅरिअरला खताच्या पोत्यातून शिवलेली पिशवी. तिच्यात जुन्या लग्नपत्रिका कापून केलेले तुकडे, प्रत्येक तुकड्याच्या कोऱ्या बाजूला एक पाली शब्द, खाली त्याचा अर्थ, आणि शंभराएक तुकड्यांना एक रबर. कुणी पत्रिका द्यायला आलं की वधूवरांची नावं वाचायच्या आधी ते कागद जाड आहे का हे बोटांनी चाचपून बघत. रस्त्यात कुणी जयभीम केला तर तो मनापासून घेत आणि लगेच विचारत, "जयभीम. आज काय वाचलं?" त्यामुळे वस्तीतली निम्मी माणसं सायकल दिसली की गल्ली बदलत. त्यात माझे वडीलही होते.

मी पाली घेतली ती काही धर्माच्या ओढीने नाही. बारावीनंतर आमच्या कॉलेजात बी.ए.चा फॉर्म भरताना (कॉलेजचं नाव लिहीत नाही, माझी भाची तिथे शिकते आहे) खिडकीतला बाबू म्हणाला, "तुमच्या लोकायचा सब्जेक्ट आहे, घेऊन टाक. मार्क पडतात." मी घेतला. 'तुमच्या लोकायचा' हे शब्द मला तेव्हा टोचलेसुद्धा नाहीत, इतकी त्यांची सवय होती. सरांना मात्र कुणीतरी ते सांगितलं, आणि पहिला तास त्या खिडकीवरच गेला.

"बुद्धाशी बोलाले कोण कोण आलं?" सर टेबलावर हात आपटत म्हणाले. "राजा आला, ब्राह्मण आले, सावकार आले, न्हावी आला, डाकू आला, गणिका आली, ज्याच्या अंगावर कोड होतं थो आला. सारा समाज त्या पानांत भरून पडला आहे. अन् अडीच हजार वर्षांनी आमच्या कॉलेजातला बाबू ठरवून राह्यला का हा एकाच लोकायचा सब्जेक्ट!" वर्गात तेव्हा आम्ही नऊ जण होतो, सगळे एकाच लोकांचे. सरांच्या रागाचं काय करायचं ते आम्हाला कळेना.

त्यानंतर त्यांनी आमची गाइडं गोळा केली, सुतळीने बांधली आणि कपाटावर ठेवली. परीक्षेच्या आदल्या दिवशी घेऊन जा म्हणाले. पुढचे तीन महिने आम्ही एकच पान वाचलं. खरंच एकच. त्यात बुद्ध एका शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभा राहतो आणि दोघांचं बोलणं होतं. सर दर ओळीला अडत. नांगर कसा होता? फाळ लोखंडाचा की कसा? बैल हाकलायला हातात काय होतं? शेतकऱ्याच्या बायकोने जेवण कशात आणलं? सर शिकवत वऱ्हाडीत. पुस्तकी मराठीतून पाली शिकवली की दोन्ही भाषा मरतात, असं त्यांचं मत होतं. "ज्याले फाळ मालूम नाही त्याले उपमा कशी कळन?" असं म्हणून एका बाजारच्या दिवशी त्यांनी आम्हाला जीपमध्ये कोंबून दारव्ह्याच्या बाजारात नेलं. तिथे एका लोहाराच्या दुकानापुढे उकिडवे बसून तासभर त्याला प्रश्न विचारले. शेवटी लोहार कंटाळून म्हणाला, "सर, फाळ घेऊन राह्यले का नुसताच पाहून राह्यले?" सरांनी घेतला. तो फाळ दोन वर्षं आमच्या वर्गातल्या टेबलावर पडून होता आणि हजेरीचं रजिस्टर उडू नये म्हणून कामाला येत होता.

दुसऱ्या कॉलेजांतली पोरं गाइड पाठ करून नव्वदच्या वर गेली. मला पहिल्या वर्षी बावन्न. मार्क पडतात म्हणून घेतलेल्या विषयात बावन्न! वर्गातल्या दोघांनी विषय बदलला, सात उरलो. मी का राहिले ते मलाही सांगता येत नव्हतं. मग दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी मी वाचनालयात बसून एक अख्खं पान कुणाला न विचारता वाचलं. दोन भिक्खू भांडत होते, आणि ते कशावरून भांडताहेत ते मला कळत होतं. त्यातला एक तर हुबेहूब माझ्या काकासारखा बोलत होता. मला हसू आलं, आणि मग रडू आलं. त्या दिवशी मी ठरवलं की पालीतच एम.ए. करायचं. आमच्या घरात तोवर कुणी असं काही ठरवलेलं नव्हतं.

आता आईचं सांगते, कारण सरांवर रागवायला मला तिच्यामुळे तोवरचं सर्वांत मोठं कारण मिळालं होतं. माझी आई निरक्षर. पण आमच्या गावच्या विहारात दर पौर्णिमेला वंदना तीच सांगायची, इतका तिचा आवाज चांगला आणि पाठांतर पक्कं. सर शेजारच्या गावचे. एका पौर्णिमेला ते आमच्या विहारात आले. वंदना संपली आणि त्यांचा हात वर गेला. मी मनात म्हटलं, आता हा माणूस माझ्या आईलाही सोडणार नाही.

"बाई, फार छान म्हटलं. आता याचा अर्थ सांगा."

सगळ्या बाया आईकडे बघू लागल्या. आईने पदर सारखा केला. ती म्हणाली, "सर, अर्थ मले मालूम नाही. माह्या सासऱ्यानं हे पाठ केलं त्या दिसापासून त्यानं मेलेलं ढोर ओढलं नाही. मले एवढाच अर्थ मालूम आहे."

सरांचा हात हळूहळू खाली आला. मी त्यांना अनेकांना गप्प करताना पाहिलं होतं, गप्प झालेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल हातात धरून ते आमच्या अंगणात हजर. आई तुरी पाखडत बसली होती. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. आजोबांनी वंदना कुणाकडून शिकली, कितव्या वर्षी, ढोर ओढायला नकार दिल्यावर गावाने काय केलं, सगळं विचारून वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "तुमी मले अर्थ सांगतला. आता मी तुमाले शब्द सांगतो." एकेक ओळ घेऊन त्यांनी तिला अर्थ समजावला, आणि त्यासाठी ते पाच दिवस रोज सकाळी आले. आई ओळ म्हणायची, ते अर्थ सांगायचे, आई तुरी पाखडायची. चौथ्या शीलाला तिने विचारलं, "अन् पोटासाठी बोललं तं?" सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "त्याले खोटंच म्हणतात, बाई. पोटासाठी बोललेलं खोटं." मी आत पोळ्या लाटत होते आणि मला ते ऐकू येत होतं. विहारात आईला अडवल्याचा राग मात्र मी सोडला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सर कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. म्हणजे तास घेतील तेवढेच नोकर, सुट्टी लागली की कुणीच नाही. अकरा वर्षं असंच चाललं होतं. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाची समिती येणार असं कळलं. वर्गात पुरेशी मुलं दिसली तर पाली चालू राहणार, आम्हाला तिसऱ्या वर्षाला ती घेता येणार, सरांची जागा कायम होणार. नाही दिसली तर विषय बंद. आम्ही तर सातच होतो.

प्राचार्यांनी तोडगा काढला. बी.कॉम.च्या वर्गातून त्यांनी पंधरा मुलंमुली निवडल्या, त्याही आमच्याच वस्त्यांतल्या. म्हणजे समितीने काही विचारलंच तर पोरं त्रिसरण-पंचशील धडाधड म्हणून दाखवतील, आणि ती पाली आहे की पाठांतर हे समितीला काय कळणार! डोकं बघा कसं चालवलं. आमच्या आजोबांनी ज्या शब्दांच्या बळावर गावकीचं काम सोडलं, ते शब्द यांनी हजेरीपटासाठी भाड्याने घेतले. आणि माझंही सांगून टाकते. रजिस्टरमध्ये ती पंधरा नावं मी लिहिली. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "तुझं अक्षर चांगलं आहे, आणि विषय तुझाच आहे." मी तीन वेगवेगळे पेन वापरून मागच्या महिन्यांची हजेरी भरली. सरांना फक्त एवढं सांगितलं गेलं, की त्या दिवशी काही बोलू नका, तुमच्याच फायद्याचं आहे.

समितीत दोन साहेब होते, एक केमिस्ट्रीचे आणि एक कॉमर्सचे. पालीची तपासणी करायला! केमिस्ट्रीच्या तपासणीला पालीचा माणूस कुणी पाठवला असता का? ते खुर्चीत बसले, रजिस्टर चाळलं, बाकांकडे पाहिलं. बावीस मुलं. केमिस्ट्रीचे साहेब म्हणाले, "वा. पालीत काहीतरी म्हणून दाखवा पाहू." मागच्या बाकांवरून पंचशील असं घुमलं की बाहेरचा शिपाई हात जोडून उभा राहिला. साहेब खूष. "फारच छान. तुमच्याकडे ही भाषा अगदी जिवंत आहे." त्यांनी सहीसाठी पेनचं टोपण काढलं.

तेव्हा सरांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. पानं उलटली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं अक्षर त्यांनी दोन वर्षं तपासलेलं होतं. मी फाळाकडे बघत बसले.

"साहेब," सर म्हणाले, "हे पाठांतर आहे. घरोघरी येते. माही पोरं या पहिल्या बाकांवरची सात. बाकीचे पंधरा आज पहिल्यांदा या खोलीत आले."

प्राचार्य हसले. "सरांचा स्वभाव जरा विनोदी आहे."

सरांनी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला विचारलं, "बाई, खोटं बोलणार नाही, असं तू आताच म्हणाली. थे चौथं शील आहे. सांग, तू माह्या वर्गातली आहे का?"

ती मुलगी उभी राहिली, प्राचार्यांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि रडायला लागली. "नाही सर. मी बी.कॉम.ची." साहेबांनी पेनला टोपण लावलं.

पुढच्या वर्षी पाली बंद झाली. सरांची अकरा वर्षं त्याच कागदावर संपली. आम्हा सातांना सांगण्यात आलं की मराठी घ्या नाहीतर समाजशास्त्र. मी मराठी घेतलं. पालीत एम.ए. करायचं मनातच राहिलं. वस्तीतले लोक सरांवर तुटून पडले. आपल्याच माणसानं आपल्याच पोरांचा विषय बुडवला, असं चौकात, विहारात, लग्नांत बोललं जाऊ लागलं. पत्रिका यायच्या बंद झाल्या. मी त्या बोलणाऱ्यांत सर्वांत पुढे होते. सत्य बोलायला या माणसाला आमचंच वर्ष सापडलं? एक वर्ष थांबले असते तर काय बिघडलं असतं? आणि त्या मुलीला का रडवलं? तिने काय गुन्हा केला होता? हे मी घरीही इतक्यांदा बोलले, की एक दिवस आई म्हणाली, "त्यानं मले पाच सकाळ बसून चौथं शील समजावलं. त्यानंच मोडलं असतं, तं मी कोणाचं ऐकलं असतं?"

"तुझं ठीक आहे," मी ओरडले, "तुझा सब्जेक्ट गेला नाही!"

सरांनी कॉलेजातलं काम गेल्यावर घरीच रविवारी पाली शिकवायला सुरुवात केली होती. ज्याला यायचं त्याने यावं, परीक्षा नाही, मार्क नाहीत. आमच्या सातांपैकी तिघं जायची. त्या रविवारी आईने भाकर बांधून घेतली आणि ती गेली. पुढेही जात राहिली. तिथे ती अक्षरं शिकली, आणि आता चष्मा लावून हळूहळू वाचते. मी एकदाही गेले नाही. सरांच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही असं मी जाहीर केलं होतं आणि ते पाळलं. आई परत येऊन तिथे काय वाचलं ते सांगायला लागली की मी उठून दुसऱ्या खोलीत जात असे.

याला बारा वर्षं झाली. मी एका शाळेत मराठी शिकवते. गेल्या उन्हाळ्यात दारव्ह्याच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसले होते, तर सर येऊन समोरच्या सीटवर बसले. केस पांढरे, बाकी तसेच. त्यांनी ओळखलं. "तू मराठी शिकवते म्हणे," ते म्हणाले. त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं होतं, पण मला ते झोंबलं. बारा वर्षं साठवलेलं सगळं बाहेर आलं. तुमच्यामुळे माझी पाली गेली. तुमच्यामुळे माझं एम.ए. गेलं. तुम्हाला तुमचं शील सांभाळायचं होतं, त्याची किंमत आम्ही भरली. ड्रायव्हर आरशातून बघत होता. एका बाईने आपल्या नातवाला जवळ ओढून घेतलं.

मी थांबले तेव्हा सर म्हणाले, "खरं आहे. तुमचं वर्ष माह्यामुळं गेलं. मी माफी मागतो." आणि खरोखर हात जोडले. त्याने तर मला आणखीच संताप आला. इतकी वर्षं जपून ठेवलेला राग या माणसाने एका वाक्यात घेऊन टाकला होता, आणि आता मी रिकामी बसले होते.

मग त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. "हे सारं तू प्राचार्याले सांगतलं होतं का कधी?"

"नाही."

"काहून?"

जीप सुरू झाली आणि आवाजात बोलणं बुडालं. ते उत्तराची वाट बघत राहिले, त्यांच्या गावाचा फाटा येईपर्यंत. मी खिडकीबाहेर पाहत होते. उतरताना त्यांनी आईला जयभीम सांग म्हटलं आणि ते गेले.

त्यांना उत्तर देता आलं नाही, ते इथे देते. तिसरं वर्ष संपल्यावर मी टी.सी. घ्यायला प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले होते. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "पाली गेल्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्या माणसाचं डोकंच तसलं." मी म्हटलं, "हो सर, तसंच आहे त्यांचं." कागद हातात घेतला, आणि वाकून त्यांच्या पाया पडले.